कामाशिवायचं नाशिक

मालेगावच्या माणसाला नाशिक परकं नाही. कलेक्टर कचेरी तिथे, मोठे दवाखाने तिथे, दहावी-बारावीच्या बोर्डाचं विभागीय कार्यालयही तिथेच. शंभर-एकशे दहा किलोमीटरचा रस्ता, अडीच तासांची बस. लग्नाला एकवीस वर्षं झाली. या रस्त्यावरून आम्ही दोघं किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. पण प्रत्येक वेळी हातात एखादी फाइल आणि डोक्यात परतीच्या बसची वेळ. नाशिकला कामाशिवाय जाता येतं, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं.

या नोव्हेंबरात सुचलं, त्याला कारण होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. प्रथम सत्राच्या परीक्षा संपल्या आणि चार तुकड्यांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले. घरात उर्दू बोलणाऱ्या मुलींचं मराठी भरभर वाचून चालत नाही. तिने चूक केली की उर्दूतला विचार मराठीत आणण्याची धडपड केली, हे प्रत्येक ओळीला बघावं लागतं. त्यातच मतदार याद्यांचं काम, दारोदार फिरणं. माझे शौहर यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारे. त्यांचीही महिनाभर रात्रपाळी होती. मी शाळेतून यायची तेव्हा हे डबा घेऊन निघायचे. मुलांची फी, गॅस, दूध, एवढंच आमचं बोलणं.

निकाल लावून झाला त्या रात्री हे म्हणाले, “जुम्याला कारखाना बंदच असतो. शनिवार-रविवारची रजा टाकतो. चल, कुठेतरी जाऊ.”
“मुलं?”
“मुलं मोठी झाली आता. अम्मी आहे ना.”
सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या, “जा. पण येताना मनुके आणा.”

शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून आम्ही एसटीत बसलो. राहुड घाट, चांदवड, पिंपळगाव बसवंत. पिंपळगावनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले. छाटणी होऊन नवी पालवी आली होती. एरवी या टप्प्यावर मी फाइलमधले कागद पुन्हा मोजत असते.

संध्याकाळी जुन्या नाशकात फिरलो. मोगलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. भांडी बाजारात तांब्या-पितळेचा लखलखाट, पिंजारघाटाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, वाड्यांचे लाकडी खांब, मशिदीतून येणारी मगरिबची अजान, आणि थोडं उतरलं की गोदावरी. आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो. भाजलेले शेंगदाणे घेतले होते. ते संपेपर्यंत दोघंही काही बोललो नाही, आणि न बोलण्याचं ओझंही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी पांडवलेणी. नाव पांडवांचं असलं तरी ही बौद्ध लेणी आहेत, एकूण चोवीस. शहराच्या दक्षिणेला, मुंबईच्या रस्त्यालगतच्या टेकडीवर. पायऱ्या चढायला आम्हाला अर्धा तास लागला, कारण घाई नव्हती. दहाव्या लेण्याच्या ओसरीत मी ह्यांना थांबवलं. इथल्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने भिक्खूंसाठी हे लेणं दिलं आणि त्यांच्या कपड्यालत्त्याची कायमची सोय म्हणून तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. कुठे ठेवली? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे! दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने.

हे विणकराचे नातू. १८५७ नंतर उत्तरेकडून मालेगावात आलेल्या मोमिन घराण्यांपैकी एक त्यांचं. ते लेखाकडे बघत राहिले. “म्हणजे तेव्हा लोक विणकराकडे पैसे ठेवायला यायचे?”
“हो.”
“आणि आता विणकर सुतासाठी उधारी मागत फिरतो,” असं म्हणून ते हसले, पण हात भिंतीला लावावा की नाही अशा बेताने जरा पुढे आला होता.

त्याच ओसरीत, खोलीच्या दारावर आणखी एक छोटा लेख आहे. दक्षमित्रेचा. ती नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको. ही खोली तिने दिली, एवढंच त्यात लिहिलं आहे. नवऱ्याचा लेख लांबलचक, बायकोचा छोटासा. पण तिचं दान तिच्या नावावर आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास हे जोडपं एकाच ओसरीत आहे. हे म्हणाले, “बायको कमी बोलते, हे मात्र आपल्यासारखं नाही.”

हे असे मोठ्याने बोलले की बाजूला फोटो काढणारी कॉलेजची मुलं वळून बघायला लागली. त्याचं कारण सांगायला हवं. यंत्रमागाच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. दोन वर्षांपूर्वी नाशिकलाच कान तपासले होते. सततच्या गोंगाटाने आधी बारीक, उंच स्वर जातात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. भोंगा ऐकू येतो, पण बायकामुलांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं निसटतात. मशीन लावा म्हणाले. ह्यांनी विषय तिथेच संपवला. “मशीन दुरुस्त करणारा मीच मशीन लावून फिरू?”

रविवारी पहाटे निफाडची बस पकडली आणि तिथून रिक्षाने नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पाणी साठवायला जे वाईट, तेच पक्ष्यांना मानवलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि रामसर यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. त्या यादीत जाणारी महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा.

धुकं उठत होतं. ह्यांची नजर अजून तिखट आहे, तुटलेला धागा दहा हातांवरून दिसतो. काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, लांब लाल पायांचे शेकाटे, सगळं आधी त्यांनाच दिसलं. आणि मला ऐकू येत होतं. टिबुकलीची थरथरती शीळ, वेतातून येणारी चिवचिव, चिखलावरून उडताना तुतवार देतो ती बारीक हाक.
“ऐकलंत?” मी विचारलं.
“काय?”

मी तोंडाने तसा आवाज काढून दाखवला. ते पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तू सांगत जा.” तासभर आमचं असंच चाललं. हे बोट दाखवत, मी आवाज सांगत. तिथे इतकी शांतता होती की मला ओरडावं लागलं नाही. कानाजवळ जाऊन बोलले की पुरत होतं. एकवीस वर्षांत इतकं हळू आम्ही कधी बोललो होतो, आठवत नाही. आमच्या घराच्या भिंतीपलीकडेच माग चालतात. तिथे प्रेमाचं बोलणंही ओरडूनच करावं लागतं.

निघताना त्यांनी विचारलं, “मशीन लावलं तर हे ऐकू येईल?”
“सगळं नाही. थोडं येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.”
ते काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “मुनिया आजकाल फोनवर काय बोलते, तेही कळत नाही मला.” मुनिया म्हणजे आमची बारावीतली लेक.

भगिनींनो, या तीन दिवसांना फार खर्च आला नाही. एसटी, साधं लॉज, दोन वेळचं जेवण. घर, मुलं, नोकरी यांत नवरा-बायको एकाच कारखान्यातल्या दोन पाळ्यांसारखे होतात. एक आत जातो, दुसरा बाहेर येतो. मोठं काम संपलं की लगेच दुसरं हाती घेण्याआधी दोन दिवस एकमेकांसाठी राखून ठेवा. एरवी महिनोन्‌महिने न निघणारी गोष्ट तेव्हा आपोआप निघते.

मनमाडमार्गे घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. निफाडच्या बाजारातून घेतलेले मनुके सासूबाईंच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना ह्यांनी मला जुनी फाइल शोधायला सांगितली, कानांच्या तपासणीची. पुढच्या महिन्यातल्या एका जुम्याला, इन्शाअल्लाह, आम्ही पुन्हा नाशिकला जाणार आहोत.