उस्तादाचा कान आणि टायमिंग लाइट

गॅरेजच्या धंद्यावर आपल्या समाजातल्या किती घरांची चूल पेटते, हे कोणत्याही मोहल्ल्यातून एक फेरी मारली की कळते. कुणाचा मुलगा पंक्चर काढतो, कुणी डेंटिंग-पेंटिंग करतो, कुणाचे वडील इंजिनाचे उस्ताद असतात. या उस्तादांकडे पदवी नसते. हातात अंदाज आणि कानात पारख असते. माझे थोरले भाऊ त्यांपैकीच एक. चौदाव्या वर्षी ते मुंबईत कुर्ल्याच्या एका गॅरेजात लागले. प्रीमियर पद्मिनीचा कारखानाही कुर्ल्यातच होता. त्यांनी पहिले इंजिन उघडले तेही पद्मिनीचेच. पुढे कोल्हापूरला परत येऊन उद्यमनगरात त्यांनी स्वतःचे गॅरेज टाकले.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून गेली. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती आणि तिची २० वर्षांची मुदत संपली. पण घरची पद्मिनी, पेट्रोलवरची अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप, कार्ब्युरेटरची मारुती ८०० जीव लावून सांभाळणारी माणसे आमच्या भागात अजून आहेत. अशा गाड्या भाईजानकडे येतात. नव्या गाडीत स्पार्क कधी पडावा हे कंप्युटर ठरवतो. जुन्या गाडीत ते माणसाला लावून द्यावे लागते. त्यालाच टायमिंग म्हणतात.

हे टायमिंग काय असते, ते मी आमच्या घरातल्या बायकांना रमजानच्या उदाहरणाने सांगते. मगरिबच्या अजानला भजी गरम हवीत, तर कढई अजान झाल्यावर ठेवून चालत नाही, थोडी आधी ठेवावी लागते. इंजिनातही पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटून पूर्ण जोर धरायला क्षणभर वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधीच स्पार्क पडावा लागतो. किती आधी, ते अंशात मोजतात. मिनिटाला ८०० फेऱ्या घेणारे इंजिन १० अंश फिरायला सेकंदाचे साधारण दोन हजारांश घेते. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर गेले की तेवढ्याच वेळात ३६ अंश फिरते. म्हणजे वेग वाढला की स्पार्क आणखी लवकर पडायला हवा. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात. स्पार्क उशिरा पडला तर गाडी ओढत नाही, गरम होते, पेट्रोल खाते. फार लवकर पडला तर चढावर इंजिनातून टणटण आवाज येतो, आणि तो बराच काळ चालला तर पिस्टनचे नुकसान होते.

भाईजान हे सगळे कानाने लावत. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, चालू इंजिनावर तो हळूहळू फिरवायचा, आवाज सर्वांत गोड झाला की किंचित मागे घ्यायचा आणि बोल्ट आवळायचा. चाळीस वर्षे कुणाची तक्रार नव्हती. दोन वर्षांपूर्वी तक्रारी येऊ लागल्या. गिऱ्हाईक म्हणायचे, "उस्ताद, चढावर आवाज येतोय." भाईजान गाडी चालवून बघायचे आणि म्हणायचे, "कुठं आहे आवाज?" भाच्याला तो आवाज स्पष्ट ऐकू यायचा, पण वडिलांना सांगायची हिंमत त्याला होत नव्हती. घरीही मोबाइलची रिंग भाईजानना ऐकू येईना आणि टीव्हीचा आवाज वाढत गेला. शेवटी वहिनींनी हट्ट धरून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेले.

तपासणीचा आलेख मी पाहिला. जाड आवाजांची रेघ ठीक होती, बारीक आवाजांकडे ती एकदम खाली घसरली होती. वर्षानुवर्षे मोठा आवाज सोसलेल्या कानाचे असेच होते. सगळ्यात आधी साधारण तीन ते सहा हजार हर्ट्झचे उंच आवाज ऐकू येईनासे होतात. आणि इंजिनाची टणटण साधारण याच पट्टीतली किंवा तिच्या जरा वरची असते. ग्राइंडर, हातोडा आणि सायलेन्सर काढलेल्या इंजिनांनी उस्तादाकडून नेमका तोच आवाज हिरावून घेतला होता, जो ऐकण्यासाठी लोक त्यांच्याकडे येत. हे कळल्यावर ते दोन दिवस गॅरेजात गेले नाहीत.

टायमिंग लाइट घ्यायची कल्पना भाच्याची. भाईजान चिडले. "चाळीस वर्षांचं काम आता दिवा तपासणार?" भाचा मान खाली घालून म्हणाला, "अब्बा, तुमचं काम नाही, मला माझं काम तपासायचंय. तुमच्यासारखा कान मला नाही." त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांचा तो होकारच होता.

लाइट घेताना आम्ही चार गोष्टी पाहिल्या. पहिली, जोडणी. जुन्या पद्धतीचा निऑनचा दिवा प्लगच्या वायरीत मध्येच जोडावा लागतो आणि त्याचा उजेड मंद असतो. चिमट्याचा लाइट बरा. त्याचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर बाहेरूनच बसतो, काही उपसावे लागत नाही. दुसरी, उजेड. काम दिवसा उघड्यावर चालते, म्हणून झेनॉनचा किंवा चांगल्या एलईडीचा प्रखर दिवा हवा. तिसरी, वीज. बहुतेक लाइट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. फार जुन्या काही गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असते, तिथे वेगळी १२ व्होल्टची बॅटरी शेजारी ठेवावी लागते. चौथी, डायल. डायलचा लाइट महाग असतो, पण पुलीवर एकच खूण असली तरी किती अंश ते त्यावर वाचता येते. पुलीवर अंशांच्या खुणा शाबूत असतील तर साधा लाइट पुरतो. आम्ही डायलचा घेतला, कारण जुन्या पुल्यांवरच्या खुणा बहुधा गंजलेल्या असतात. डिझेलच्या गाडीला स्पार्कच नसतो, तिथे हा लाइट कामाचा नाही.

वापरायची रीत अशी. आधी पॉइंटची फट फिलर गेजने नीट करावी. ती बऱ्याच गाड्यांत साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, पण आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरावा. फट बदलली की टायमिंग बदलते, म्हणून हे काम आधी. इंजिन गरम करून मंद चालीवर ठेवावे. व्हॅक्युमची नळी काढून बंद करायला पुस्तकात सांगितले असेल तर तसे करावे. इंजिन बंद करून पुलीवरची खूण पुसून खडूने पांढरी करावी. पुली कधी बदललेली असेल तर एक नंबरचा प्लग काढून, पिस्टन वर आणून, खूण खरी आहे का ते पडताळावे. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो, म्हणून बॉडीवर भरवसा न ठेवता बॅटरीवरची चिन्हे पाहावीत. तिसरा चिमटा एक नंबरच्या वायरीवर. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये तो रेडिएटरच्या बाजूचा पहिला सिलिंडर.

आता बटण दाबले की नवल दिसते. गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थांबते. भाच्याने विचारले, "फुफी, हे कसं?" मी वर्गात सांगते तसेच सांगितले. ८०० फेऱ्यांवर एक नंबरचा प्लग मिनिटाला ४०० वेळा पेटतो, आणि लाइट बरोबर त्याच क्षणी चमकतो. दर चमकेला खूण त्याच जागी असते, म्हणून डोळ्यांना ती स्थिर दिसते. पण हे नवल धोक्याचेही आहे. पंखादेखील थांबल्यासारखा किंवा हळू चालल्यासारखा भासू शकतो. बाही, गळ्यातला रुमाल, लाइटची वायर, सारे दूर ठेवावे. बंद शटरमध्ये इंजिन चालवू नये, धुरातला वायू जीव घेतो. फिटचा आजार असलेल्याने लुकलुकणारा हा उजेड टाळावा.

खूण ठरलेल्या अंशावर नसेल तर डिस्ट्रिब्युटर फिरवावा. रोटर फिरतो त्याच्या उलट फिरवला की स्पार्क लवकर पडतो, त्याच दिशेने फिरवला की उशिरा. बोल्ट आवळून पुन्हा एकदा पाहावे, कारण आवळताना तो हलतो. मग इंजिनाचा वेग वाढवावा. खूण सरकत गेली पाहिजे. ती एका जागी न राहता नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश किंवा टायमिंगची चेन सैल झाली असेल.

भाईजाननी कानाने लावलेली एक पद्मिनी पहिल्यांदा लाइटखाली घेतली, तेव्हा स्पार्क सहा अंश लवकर पडत होता. ते बराच वेळ खुणेकडे पाहत राहिले आणि मग स्वतः बोल्ट सैल करून म्हणाले, "बोल, किती?" भाचा अंश सांगत गेला, ते फिरवत गेले.

पुढच्याच महिन्यात एक निवृत्त गृहस्थ आले. गाडी ओढत नव्हती आणि एका ठिकाणी त्यांना इंजिन खोलावे लागेल असे सांगितले होते. लाइट लावला, मंद चालीवर खूण बरोबर होती, पण वेग वाढवला तरी जागची हलेना. डिस्ट्रिब्युटर उघडला तर आतली वजने गंजून अडकली होती. ती साफ करून स्प्रिंगा बदलल्या. भाईजाननी लाइट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन खूण सरकताना दाखवली. इंजिनाच्या कामाचा मोठा खर्च वाचला. माप पुरे द्यावे ही आपल्या दीनची शिकवण फक्त किराण्याच्या तराजूपुरती नाही. आजवर गिऱ्हाइकाला उस्तादाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे, आता तो स्वतः पाहू शकतो.

तरी उस्तादाची गरज संपलेली नाही. लाइट उभ्या गाडीचे टायमिंग दाखवतो. चढावर, भार पडल्यावर इंजिनाला ते मानवते का, हे तो सांगत नाही. म्हणून बोल्ट आवळल्यावर बापलेक गाडी पन्हाळ्याच्या चढाला नेतात. भाईजान स्टिअरिंगवरून गाडीची ओढ जोखतात, भाचा कान देऊन बसतो. टणटण ऐकू आली तर एक-दोन अंश मागे.

ज्या घरात असा उस्ताद आहे, त्या घराला माझे एवढेच सांगणे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा त्यांचे कान तपासून घ्या. ते रागावतील, तरी न्या. आणि ग्राइंडर धरणाऱ्या पोरांना कानावर लावायचे मफ आजच आणून द्या. गेलेला लाइट पुन्हा विकत मिळतो, गेलेला कान मिळत नाही. भाच्याच्या हुकावर आता दोन मफ टांगलेले असतात. दुसरा भाईजानचा आहे, आणि ते तो न सांगता लावतात.