माडी कुठे गेली?

तर मंडळी, गेले चार शनिवार या पानावर शुकशुकाट होता, त्याचं कारण ऑनसाईट वगैरे काही नाही. गावच्या वाड्याचे कागद गोळा करत होतो.

चाकणच्या पुढे, एमआयडीसीपासून जवळच आमचं गाव. वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर शनिवारवाडा आला असेल तर आवरा :) दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, ओसरी, माजघर, मागे गोठा. संपला वाडा. त्याला आणि शेताला मिळून गिऱ्हाईक आलंय, गिऱ्हाइकाच्या वकिलाला जुने उतारे हवेत, आणि घरात "कॉम्प्युटरवाला" मी एकटाच. सातबारा ऑनलाईन मिळतो ना, मग बघ तूच, असं म्हणून काका मोकळे झाले.

पण सातबारा सांगतो आज मालक कोण ते. तो मालक कसा झाला, ते फेरफारात. फेरफाराचा नंबर धरून एकेक पायरी मागे जायचं. गिट लॉग चाळणाऱ्यांना लगेच कळेल. फरक एवढाच की बरंच मागे गेलं की कमिट मेसेज मोडीत! २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता. त्यांच्यापैकीच एका निवृत्त मास्तरांनी मला दोन रविवार दिले. पैसे घेतले नाहीत, मिसळ घेतली.

आता आमच्या घरातली कथा ऐका. पणजोबांनी सावकाराच्या घशातून वाडा ओढून काढला. वाड्याला वर माडीही होती, ती आगीत गेली. ओसरीवर पणजोबांचा फोटो आहे, दर दसऱ्याला त्याला हार असतो. मीही लहानपणी मित्रांना ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली आहे.

मास्तरांनी १९२६ चा फेरफार वाचला. खातेदार मयत. वारस मुलगा, वय ६. पुढे तीन अक्षरं: अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आणि त्यापुढे एका बाईचं नाव, पणजोबांची आई. मग १९३४ ची नोंद: सावकाराचा बोजा कमी केला.

मास्तर पुढे वाचत राहिले, मी मात्र ६ अधिक ८ वर अडकलो. कर्ज फिटलं तेव्हा पणजोबा चौदा वर्षांचे होते हो!

त्या शनिवारी गावी गेलो. देवघराच्या कोनाड्यात पत्र्याची एक नळी कायम असते, "जुने कागद" म्हणून कोणी उघडत नाही. त्यात सावकाराशी झालेला एक करार निघाला. मास्तरांना फोटो पाठवला, रात्री उत्तर आलं. माडीचं सागवानी सामान, तुळया आणि तक्ते, कर्जापोटी दिले. खाली सहीच्या जागी शाईचा ओबडधोबड गोल. निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या बाईची सही अशी असायची, शेतकऱ्याची नांगर.

सकाळी शिडी लावून वर चढलो. भिंतीत तुळयांची भोकं ओळीने अजून आहेत. कडा स्वच्छ, काजळीचा ठिपका नाही. म्हणजे आग लागलीच नव्हती. माडी तिने विकली, आणि खालचं घर राहिलं.

चिंचवडला मी दोन वर्षं भाड्याने राहिलो. चाफेकर वाड्यावरून रोज जायचो. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव ही नावं आणि २२ जून १८९७ ही तारीख शाळेपासून पाठ. तिघेही फासावर गेल्यावर त्या घरात मागे कोण बायका उरल्या, त्यांची नावं काय, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. तिथल्याच देव घराण्याबद्दल एडवर्ड मूर नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहिलेला लेख १८०१ मध्ये छापून आला. मोरया गोसावींपासूनच्या पिढ्या त्यात आहेत, बापाकडून मुलाकडे. वंशावळ म्हणजे हेच, असं मीही धरून चाललो होतो. मुलीकडच्या फांद्या आमच्या तक्त्यात मीच काढल्या नव्हत्या, एक्सेलमध्ये मावत नाहीत म्हणून.

असो. आता अडचणीचा भाग. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो असतो हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे वकिलाला माझ्या तिन्ही आत्यांची हक्कसोडपत्रं हवी आहेत. आमच्याकडे याचा दर ठरलेला आहे: जेवण, साडी, आणि "माहेर तुटायला नको". मसुदा टाईप कोणी केला? कॉम्प्युटरवाल्यानेच.

थोरल्या आत्याला करार वाचून दाखवला. ती बराच वेळ त्या शाईच्या गोलाकडे बघत बसली. मग म्हणाली, "आणि आम्हाला सांगायचे, माडी जळाली."

मग तिने नाव विचारलं. मी सांगितलं. (इथे लिहीत नाही, सह्या व्हायच्या आहेत.) सत्तरी ओलांडलेल्या आत्याने ते पहिल्यांदा ऐकलं होतं. दोनदा पुटपुटली, चष्मा काढला, आणि मला म्हणाली, "तुझ्या त्या कागदाची मला एक झेरॉक्स दे. आणि धाकट्या दोघींनाही."

तीन झेरॉक्स काढल्यात. सह्यांची तारीख पुढच्या शुक्रवारची आहे. बाबांना अजून काही बोललेलो नाही.