पीठ आणि धुकं

६ ऑक्टोबर
गिरणीतल्या फोटोंच्या फाइली आज डार्कटेबल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. पहिल्या नजरेला अंधारच. ट्यूब जळू नये म्हणून दोन स्टॉप कमी उजेड घेतला होता.

ओट्यावरचे डबे, एवढंच चित्र. पत्र्याचे, तेलाचे १५ किलोवाले. काही स्टीलचे, एक पितळी. ताजं दळण गरम असतं, झाकण लगेच लावत नाहीत, म्हणून बहुतेक उघडे. मागे वजनकाटा. डाव्या हाताला दार, त्यातून संध्याकाळचा उजेड. माणूस कुणी नाही.

एक्स्पोजर +२. डबे वर आले. आता हळूहळू.

फाइल १४ बिटची, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. त्यातल्या निम्म्या, ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला. पुढे प्रत्येक स्टॉपला निम्म्या. पाचव्यापर्यंत ५१२ उरतात. ओट्याखालचा काळोख तिथं आहे. तो फार उचलायचा नाही. गिरणीत ओट्याखाली अंधारच असतो.

७ ऑक्टोबर
ट्यूबचं टोक गुलाबी दिसतंय. सेन्सरवर हिरवा आधी भरून वाहतो, मग व्हाइट बॅलन्स लाल-निळ्याला गुणून मोठं करतो, म्हणून. हायलाइट रिकन्स्ट्रक्शनने गेलं.

शटर १/५० ठेवला ते उपयोगी पडलं. वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/५० मध्ये दोन फेऱ्या पुऱ्या बसतात. सगळ्या फ्रेम सारख्याच उजळ आल्यात.

८ ऑक्टोबर
दोन उजेडांचं भांडण. दाराकडचे डबे निळसर, ट्यूबखालचे हिरवट. ट्यूबमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेघ सगळ्या पांढऱ्यावर बसते.

कलर कॅलिब्रेशन दोनदा लावलं. एक दाराच्या उजेडाला, एक ट्यूबला, मध्ये मास्क. मास्कची कड बरोबर पितळी डब्यावर येते. तो दोन्हीकडचा आहे.

पिठावर पिकर ठेवला की सॉफ्टवेअर त्याला पांढरं मानतं आणि सगळी पिठं एक होतात. ज्वारी, बाजरी, गहू, सगळं चुन्यासारखं. हे चालणार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुपारपर्यंत वीज नाही. खिडकीत तीन वाट्या मांडल्या. ज्वारीचं दुधी. बाजरीचं करडं, त्यात हिरव्याची छटा. गव्हाचं बदामी, आणि कोंडा असला की तांबूस ठिपके. उत्तरेचा उजेड. बराच वेळ बघत बसले. आई विचारून गेली, भाकरी कसली करायची आहे.

संध्याकाळी त्याच आठवणीवर मास्क पुन्हा लावले. दोघी बहिणी वेगळ्या दिसायला लागल्या, ज्वारी आणि बाजरी.

१० ऑक्टोबर
आज मोठा दिवस.

चित्र मऊ वाटत होतं, जरा धुरकट. हेझ रिमूव्हल लावलं. स्ट्रेंग्थ थोडी वर, आणि क्षणात डब्यांच्या कडा कापल्यासारख्या, पत्र्याची चकाकी, अक्षरं टळटळीत. छान. फार छान. मग जुना स्नॅपशॉट शेजारी ठेवला आणि जीव चरकला. हवेतलं पीठ गेलं होतं. ट्यूबभोवतीचा तो दाट, पांढरा उजेड गेला. राहिलं ते भांड्यांचं दुकान.

हे कशानं झालं ते बघितलं. या मॉड्यूलमागची कल्पना कायमिंग हे या संशोधकानं सहकाऱ्यांसह २००९ मध्ये मांडली. आकाश सोडून स्वच्छ हवेतल्या दृश्याचा जवळजवळ कुठलाही छोटा तुकडा घ्या, लाल-हिरव्या-निळ्यापैकी एखादा रंग तिथं कुठेतरी काळ्याच्या जवळ जातो. नाही गेला तर मध्ये धुकं आहे. तेवढं धुकं मोजायचं आणि वजा करायचं. डोंगराच्या, रस्त्याच्या चित्राला हे लागू पडतं. पण पिठाच्या ढिगात कुठलाच रंग काळ्याकडे जात नाही. भिंतीवर, पट्ट्यावर, वायरींवर, सगळीकडे पीठ. त्या हिशेबाला अख्खी गिरणीच धुक्यात दिसणार.

सॉफ्टवेअरची यात चूक नाही. त्याला धुकं म्हणजे काय ते सांगितलंय, गिरणी म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. आणि हा हिशेब उघड्यावर आहे, कुणालाही वाचता येतो, म्हणून मला आज कारण कळलं. बंद डब्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्लॅरिटी' म्हणून स्लायडर ओढला असता आणि पीठ कुठं गेलं ते विचारायचंही सुचलं नसतं. मुक्त सॉफ्टवेअरचं मोल मला इथं वाटतं, फुकट मिळतं यात नाही.

मॉड्यूल बंद. उणेकडे नेलं तर ते धुकं वाढवतं. तेही नको. जेवढं हवेत होतं तेवढंच.

११ ऑक्टोबर
आयएसओ १६००. कण दिसतात. पण कुठला कण नॉइजचा आणि कुठला पिठाचा?

डिनॉइज प्रोफाइल्ड लावलं. त्यात माझ्या कॅमेऱ्याचा त्या आयएसओचा नॉइज मोजून ठेवलेला आहे. तरी काळ्या पट्ट्यावरचे पिठाचे ठिपके पुसट होतात.

लागोपाठच्या दोन फ्रेम शेजारी ठेवल्या, १०० टक्क्यांवर. नॉइज दोन्हीत वेगळ्या जागी पडतो. पीठ बसलेलं असतं तिथंच असतं. एकेक इंच असा तपासला. पट्ट्यावरचे जवळजवळ सगळे ठिपके खरे निघाले. तिथं मास्क लावून डिनॉइज काढून टाकलं, रंगाचे डाग तेवढे घालवले.

डोळे दुखतात.

१२ ऑक्टोबर, रविवार
छोटी प्रिंट घेऊन गिरणीत. भाजणीची गर्दी ओसरेपर्यंत बाकावर थांबले. गिरणीवाल्या काकांनी हात झटकून प्रिंट धरली आणि डाव्या कडेपासून बोट फिरवत गेले. ज्वारी. बाजरी. ही पण ज्वारी. नाचणी.

कोपऱ्यातल्या डब्याशी थांबले. "हे गहू नाय ताई. खपली आहे. रंग उडवलात तुम्ही हिचा."

विचारायला गेले होते ते दुसरंच. डब्यांवर ऑइलपेंटनं आडनावं आहेत, वाड्याचे नंबर आहेत. चित्र प्रदर्शनात लावायचं तर?

"डबा माझा नाय. ज्याचा त्याला विचारा."

१३ ऑक्टोबर
खपलीचा तांबूसपणा परत आणला. ट्यूबचा मास्क तिथं जास्त चढला होता.

संध्याकाळी चार घरी जाऊन आले. तिघांनी हो म्हटलं, एका घरी चहा झाला. चौथ्या घरच्या बाई म्हणाल्या, घराचा नंबर चारचौघांत नको. मुली एकट्या असतात.

बरोबरच आहे त्यांचं.

१४ ऑक्टोबर
त्यांचा डबा मधोमध. नेमका तोच.

रिटच मॉड्यूलने अक्षरं जातील. शेजारचा पत्रा उचलून वर लावायचा, दहा मिनिटांचं काम. फाइलची दुसरी प्रत करून बघितलं. कुणाला कळणारही नाही. पण पुसलेला डबा कुणाचाच नसतो, आणि गिरणीत बिननावाचा डबा कुणी ठेवत नाही. प्रत काढून टाकली.

१५ ऑक्टोबर
क्रॉप. मधला डबा बाहेर ठेवायचा तर डावी बाजू तरी घ्यायची नाहीतर उजवी. डावीकडे दार, ज्वारी, पितळी डबा. उजवीकडे ट्यूब, काटा, खपली.

ठरत नाही.

१६ ऑक्टोबर
उजवी. उभी चौकट. हवेतलं पीठ तिकडंच आहे.

दाराचा उजेड गेला, म्हणून पहिलं कलर कॅलिब्रेशनही गेलं. हाताला थोडं रितं वाटलं. टोन इक्वलायझरने काट्यामागची सावली किंचित उघडली, अर्धा स्टॉप, त्याहून नाही.

१७ ऑक्टोबर
एक्सएमपी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. एक्स्पोजर, मास्क, क्रॉप, सगळं क्रमानं लिहिलेलं. मॉड्यूलची नावं वाचता येतात, आकडे सांकेतिक. मूळ रॉ फाइलला हात लागलेला नाही. डावी बाजू, मधला डबा, सगळं तिच्यात जसंच्या तसं आहे.

रॉ फाइल आणि एक्सएमपी, दोन्ही दोन डिस्कवर. बाईंच्या डब्याची फ्रेम बाहेर कुणाला द्यायची नाही, हे फोल्डरमध्ये लिहून ठेवलं.

१८ ऑक्टोबर
मॅट कागद, ए३. मॅटवर काळा तितका खोल जात नाही, म्हणून आधी सॉफ्टप्रूफिंग करून बघितलं. ओट्याखालचा अंधार करडा झाला, तो थोडा खाली ढकलला. पीठ तसंच ठेवलं. छापायला दिलं.

दिवाळी झाली की दगडाला टाकी लावायला गिरणी एक दिवस बंद ठेवतात. त्या दिवशी ट्यूब न लावता, नुसत्या दाराच्या उजेडात काढू द्याल का, ते काकांना विचारायचं.