भरलेली बाटली

बाबा वसईला कधी किल्ला म्हणाले नाहीत. शहर म्हणायचे. “किल्ल्यात शिबंदी राहते गं. इथे माणसं नांदली.”

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते फिटर होते. आठवड्याची एक सुट्टी, तीही रेशन आणि गिरणीतच संपायची. पण पावसाळा सरला की एक रविवार आमच्या दोघांचा असे. भाकरी-चटणीचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या. डहाणूपर्यंत लोकल यायच्या आधीची गोष्ट ही. बोईसरहून शटल, विरारला गाडी बदलायची, वसई रोडला उतरून एसटी. वाटेत बाबा शब्द मोजायचे. पगार, चावी, बिजागरी, घमेलं. “सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. माझा अख्खा दिवस त्यांच्याच शब्दांत जातो बघ!” याचं त्यांना दरवर्षी नव्याने नवल वाटे.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची २०५ वर्षं या तटाच्या आत चर्चं होती, इस्पितळ होतं, जेझुइटांचं कॉलेज होतं, बाजार भरत होता. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. शाळेत आम्ही शिकलो ते एवढंच. बाबांनाही त्या विजयाचा अभिमान होता. आमच्या तारापूरच्या लढाईत पडलेल्या बाजी भिवरावांचं नाव ते हात जोडून घेत. पण निघून गेलेल्यांच्या घरांत ते चूल कुठे असेल, तेही शोधत राहायचे. त्या विजयानंतर इथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकरला गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेल्या. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याखाली उभे राहून बाबा वर बघत बसत, मान दुखेपर्यंत.

त्यांची खरी जागा मात्र फ्रान्सिस्कनांचं चर्च. छप्पर कधीच गेलेलं, कमानी तेवढ्या उभ्या, आणि पायाखाली थडग्यांच्या शिळा. बाबा बाहेरच चपला काढायचे. “नावावर पाय देऊ नये.” मग उकिडवे बसून ओंजळीतलं पाणी शिळेवर सोडायचे आणि तळहाताने पसरायचे. कोरड्या दगडात काहीही दिसत नसे. ओला झाला की अक्षरं काळी होऊन वर यायची. ग्रीसने कायमचं काळवंडलेलं नख त्या खाचांतून फिरे. ‘सेपुल्तुरा’, म्हणजे थडगं, हा एकच शब्द त्यांना वाचता येई. पुढचं नाव लावायचं काम माझं. “लवकर वाच, वाळतंय.” एखादं नाव पुरतं लागलं की ते दोनदा उच्चारायचे, ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसं.

शेवटच्या खेपेला त्यांना दम लागत होता. समुद्राकडच्या दरवाजाशी ते सावलीत बसले. “तू जाऊन ये. मी आहे इथे.” मी गेले. ऊन होतं, त्यांना एकटं सोडल्याची धास्ती होती, आणि खरं सांगायचं तर परतीच्या गाडीचीही घाई होती. कमानींपाशी जाऊन तशीच वळले.

“पाणी घातलंस?”

“हो.”

“कोण निघालं?”

“मागच्याच वर्षीची नावं.”

त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकण उघडून ते दोन घोट प्याले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या पिशवीत ठेवली. बोलले काहीच नाहीत. एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

पुढच्या आषाढात बाबा गेले.

यंदा मी एकटी गेले. आता बोईसरहून लोकल थेट वसई रोडला येते. चपला बाहेर काढल्या, दगड तापलेला होता. पहिल्या शिळेवर ओंजळ सोडली, हात फिरवला. सेपुल्तुरा. पुढची अक्षरं अर्धी झिजलेली. बोट फिरवून, पुन्हा पाणी घालून ती लावली आणि मोठ्याने दोनदा म्हटली. मग दुसरी शिळा, मग तिसरी. भिंतीकडची एक तर आम्ही कधी पाहिलीच नव्हती, तिच्यावर पाला साचला होता. दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्यावर उठले.