रतांब्याचा रंग

आगळ, अमृत आणि आमसूल एकाच फळीवर मांडलं, की कोकणाबाहेरचं गिऱ्हाईक हमखास गोंधळतं. आगळ म्हणजे रतांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. अमृत साखरेच्या पाकातलं, पाणी घालून प्यायचं. आमसूल म्हणजे वाळवलेली सालं, आमटीत टाकायची. सिंधुदुर्गातल्या एका महिला बचत गटाने पाकिटांच्या कामासाठी मला बोलावलं, तेव्हा त्यांच्या आगळाच्या आणि अमृताच्या बाटलीला एकच लेबल होतं. फरक फक्त खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. सोलकढी गोड झाल्याच्या तक्रारी त्यांना फोनवर ऐकून घ्याव्या लागत.

लेबलावर माड, होडी, मावळता सूर्य आणि वारली नाच होता. कोकणी मेव्याच्या कितीतरी दुकानांत हेच चित्र दिसतं. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या या बायकांच्या घरात ती कधीच नव्हती. नाव झाकलं तर माल कोणाचा, हे त्या लेबलावरून ओळखता आलं नसतं.

मी पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करते. कागदावर काही काढण्याआधी मला त्यांचं काम पाहायचं होतं, म्हणून मे महिन्यात, हंगाम भरात असताना गेले. रतांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची. सुकली की पुन्हा रस, पुन्हा ऊन. याला पुटं देणं म्हणतात. एखाददुसरं पुट कमी दिलं तरी आमसूल दिसायला तयार होतं, पण आंबटपणा उणा पडतो. पावसाची चिन्हं दिसू लागली की पुटं चुकवायचा मोह होतो. हा गट ती चुकवत नाही. म्हणून त्यांचं आमसूल जवळजवळ काळं असतं. उजेडात धरलं तरच कडेला गडद जांभळी झाक दिसते. शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र हा काळा रंग पाहून माल जुना वाटायचा.

मला माझं काम तिथे सापडलं. ज्या रंगामुळे माल नाकारला जात होता, तोच त्यांच्या मेहनतीचा पुरावा होता. आमसुलाचं पाकीट मी त्याच काळपट जांभळ्या रंगात भरलं. आगळाला सोलकढीचा फिकट गुलाबी दिला आणि अमृताला पेल्यातल्या सरबताचा स्वच्छ लाल. वस्तू ताटात किंवा पेल्यात जशी दिसणार, तोच रंग तिच्या अंगावर. नावं लेबलाच्या मधोमध, हातभर अंतरावरून वाचता येतील एवढी. आता गोड कुठलं आणि खारट कुठलं, हे बाटली उचलण्याआधी कळतं.

छपाईत हा जांभळा त्रास देतो. नेहमीच्या चार रंगांतून काढला की तो तपकिरीकडे झुकतो आणि पाकीट चॉकलेटचं वाटू लागतं. म्हणून त्याची शाई वेगळी मिसळून घेतली. छापखान्याच्या टेबलावर खरं आमसूल ठेवून प्रूफं ताडून पाहिली.

गटाचं नाव ग्रामदेवतेवरून ठेवलेलं आहे. चिन्हात देवीचा मुखवटा घ्यावा, असं एकीने सुचवलं. गटातल्या सर्वांत वयस्क काकी लगेच म्हणाल्या, "पाकीट फाडून लोक कचऱ्यात टाकतले. देवीक थंय कित्याक?" पुढे त्यावर चर्चा झालीच नाही. देवीचं नाव राहिलं, रूप घेतलं नाही.

मग चिन्ह कसलं? काहीजणींना रतांबा, वाळवण, बायका, डोंगर असं सगळंच हवं होतं. मी त्यांना बँकेचं पासबुक काढायला सांगितलं. त्यावरचं स्टेट बँकेचं निळं वर्तुळ आणि त्यातली चावीच्या भोकासारखी खाच त्या सगळ्याजणी ओळखत होत्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते केलं आणि 1971 पासून बँक ते वापरते. त्यात नोट नाही, नाणं नाही, इमारत नाही. तरी गावोगावच्या पाट्यांवर इतकी वर्षं तेच दिसत राहिल्याने ते बँकेचंच झालं. त्यानंतर आम्ही वस्तू कमी करत गेलो. शेवटी उरला आडवा कापलेला रतांबा: एक गोल आणि आत बियांच्या पाकळ्या. तो रबरी शिक्क्यात उठतो, खोक्यावर एका रंगात छापता येतो आणि कुणालाही हाताने काढता येतो. गटाचा बराचसा माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनच बाहेर जातो, त्यामुळे शिक्क्यात न उठणारं चिन्ह त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

अक्षरांवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला आणि त्याचा मला आनंद आहे. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची नावं वर्तमानपत्रांत पाहत मी वाढले. नावाचा स्वभाव अक्षराच्या वळणात उतरू शकतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. आगळमधला ळ आणि आमसूलमधला ल हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये परके दिसतात. म्हणून तिन्ही नावं हाताने काढली: पाकळीचा मराठी ल, भरदार ळ आणि सालीच्या कडेसारखी किंचित वळलेली शिरोरेषा. बारीक मजकुराला एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता हा मोफत फॉन्ट घेतला. अन्नपरवान्याचा क्रमांक, हिरवा ठिपका, वजन, किंमत हे सगळं त्यात नीट वाचता येतं. तारखेचा शिक्का गुळगुळीत लेबलावर पुसला जातो, म्हणून तेवढी जागा बिनचकाकीची ठेवली. भौगोलिक मानांकनाचं चिन्ह नोंदणी झालेल्या उत्पादकालाच लावता येतं. ती नोंदणी होईल तेव्हासाठी एक चौकोन मोकळा सोडला.

शेवटी मी त्यांना एका पानाची मराठी नियमावली दिली: कुठला रंग कशाला, चिन्ह किती लहान चालेल, नाव कुठे, आणि काय कधीच बदलायचं नाही. हे पान मला कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतं. ओळख पहिल्या छपाईत तयार होत नाही. तेच रूप हंगामामागून हंगाम दिसत राहिलं तर ती लोकांच्या लक्षात बसते. आमसुलाच्या रंगासारखीच तीही पुटं देऊन येते.

पुढच्या हंगामात त्यांनी आमसुलाची चटणी काढली आणि तिचं लेबल मला न विचारता तालुक्याच्या गावी करून घेतलं. रंग नवा होता, मिरचीचा. अक्षरांची जागा, चिन्हाचा आकार आणि तारखेची मोकळी पट्टी नियमाप्रमाणे होती. एका दुकानदाराने त्यांना पुन्हा माड आणि होडी टाकायला सांगितलं होतं. त्यांनी नकार दिला आणि माल दुसऱ्या दुकानात ठेवला. पाकीट कसं असावं, हे आता त्या स्वतः ठरवतात आणि त्यासाठी एखादं दुकान सोडायलाही तयार असतात. डिझाइनरने गिऱ्हाइकाच्या हाती एवढं बळ द्यावं, असं मला मनापासून वाटतं.