दार

उसाला पाणी पाजावं तर आमच्या अण्णानं. थोरला भाऊ. लाइट रात्रीची, अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायचा, सरी भरली, दार मोड. त्याच अण्णानं तीन वर्षांमागं पौषात पहिली सरी तुंबून वाहिली तरी दुसरं दार मोडलं नाही. खोरं धरून नुसता उभा. पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. मी चिडून म्हटलं, "अण्णा, अंगचोरपणा करायला लागलास व्हय?" तो गप्प राहिला. त्याचाच मला जास्त राग आला.

पावलं आखूड पडत होती, घासत. लघवीला घाई. उसाच्या बिलाचा हिशेब तोंडावर करणारा माणूस दहा-दहा मिनिटं कागद धरून बसायचा. पण नावं कुणाची विसरायचा नाही. काही विचारलं तर गप्प, जरा खूण दिली की सगळं सांगायचा. म्हणून आम्ही म्हणायचो, डोकं ठीक हाय, वयानं आळसावलाय.

सांगलीला एमआरआय काढला. डॉक्टरांनी मेंदूतले पांढरे डाग दाखवले. मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. केसासारख्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरनं कडक झालेल्या, चिंचोळ्या झालेल्या. लकवा न येताही असं आतल्या आत होतं म्हणे. मला ते माझ्या ठिबकवरून कळलं. मेन लाइनला पाणी जोरात असतं, पण क्षारानं ड्रिपर बुजला की तेवढाच ऊस वाळतो. मी विचारलं, "आपण ॲसिड सोडून ड्रिपर मोकळे करतो, तसं काही?" डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं. प्रेशर ताब्यात ठेवा, बिडी बंद, रोज चालवा."

प्रेशरच्या गोळ्या त्याला सात-आठ वर्षांपूर्वीच दिलेल्या. त्यानं सोडल्या. "काही दुखत नाही तर गोळ्या कशाला खातोस?" हे त्याला म्हणणारा मीच. वहिनीला हे अजून सांगितलेलं नाही.

आता पाण्याला दोघं जातो. एका वेळी एकच सांगायचं. "अण्णा, तिसरं दार." मोडतो, अगदी पहिल्यासारखं, एका खोऱ्यात.

परवा मी बॅटरी आणायला खोपीत गेलो. आलो तर पाणी बांधावरून चाललेलं, अण्णा उभा. मी खोरं घेऊन दार मोडलं.

"अंगचोरपणा झाला बघ," अण्णा म्हणाला.