बीबीहून निघणारी वाट : गळ्यातील दुर्मीळ गाठीविषयी

सिंदखेड राजाहून मेहकरकडे निघालात की वाटेत लोणार तालुक्यातील बीबी हे गाव लागते. भोवती सोयाबीन, कापूस आणि तुरीची शेते आहेत, आणि जवळच लोणारचे खारे सरोवर. ताप-खोकल्याला गावातला दवाखाना पुरतो. आजार दुर्मीळ असला, की मात्र रस्ता धरावा लागतो. पश्चिमेची वाट जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरला व पुढे मुंबईला जाते, पूर्वेची मेहकरवरून नागपूरला.

त्या वाटेला लागण्यापूर्वी, वाचकहो, लोणारची एक गोष्ट ध्यानात घ्या. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. तर्क अनेक झाले. निर्णय मात्र पाण्याचे नमुने तपासल्यावरच लागला. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. गळ्यावरच्या गाठीलाही हाच न्याय लावावा. ‘गलगंड असेल’, ‘वयोमानाने असायचेच’ हे तर्क झाले. तो निदानाचा शेवट नव्हे.

थायरॉइडच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे आधी सांगितले पाहिजे. पण या ग्रंथीत ‘सी पेशी’ नावाच्या थोड्या पेशी असतात. त्या कॅल्सिटोनिन हे संप्रेरक तयार करतात. त्यांच्यापासून होणाऱ्या कर्करोगास मेड्युलरी कर्करोग म्हणतात. मज्जासंस्था आणि संप्रेरके या दोहोंशी नाते सांगणाऱ्या, म्हणजेच न्यूरोएंडोक्राइन, गाठींमध्ये त्याची गणना होते. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपला आजार जाहीर केला, तेव्हा हा शब्द अनेक घरांत प्रथमच ऐकू आला. त्यांची गाठ गळ्यातील नव्हती. कुळ मात्र हेच.

सी पेशी आयोडीन शोषून घेत नाहीत. म्हणून आयोडीनयुक्त मिठाचा या गाठीवर उपयोग होत नाही, आणि थायरॉइडच्या इतर कर्करोगांत दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीनही येथे निष्फळ ठरते. सोनोग्राफी, सुईने पेशी काढून केलेली तपासणी आणि रक्तातील कॅल्सिटोनिन यांवरून निदान होते. मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच. गाठीबरोबर दीर्घकाळ जुलाब होत असतील किंवा चेहरा वारंवार लालबुंद होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा; वरवर असंबद्ध वाटणाऱ्या या तक्रारींचा गाठीशी संबंध असू शकतो.

दुसरी गाठ जबड्याच्या कोनाखाली, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीपाशी वाढते. तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात. ती दुखत नाही, वर्षानुवर्षे सावकाश वाढते आणि कधी बोटांखाली ठोके देते. तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. म्हणून स्कॅन होण्यापूर्वी तिला सुई टोचणे किंवा चिरा देणे धोक्याचे. अशा गाठीवर मालीश, डाग किंवा गरम लेप कोणाकडूनही करून घेऊ नका.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मेड्युलरी कर्करोगाच्या सुमारे चारांपैकी एका रुग्णात आजार आनुवंशिक असतो. रेट या जनुकातील दोष आई-वडिलांपैकी एकाकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पॅरागँग्लिओमाही काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. पुष्कळ घरांत अशा वेळी एकच विचार येतो : नातीचे लग्न ठरायचे आहे, बोभाटा नको. आजोबांची चिठ्ठी कपाटात जाते, आणि चाळिशीचा मुलगा तपासणीविना राहतो. वास्तविक साध्या रक्ततपासणीने जनुकदोष कळतो. तो सापडल्यास मुलांची थायरॉइड ग्रंथी कर्करोग होण्यापूर्वीच काढता येते. ज्येष्ठांनी आपला आजार घरात सांगणे हे म्हणूनच पुढच्या पिढीचे रक्षण आहे.

त्याच दोषात मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतही गाठ होऊ शकते. डोके दुखणे, घाम, धडधड आणि अचानक चढणारा रक्तदाब ही तिची लक्षणे. ती ओळखली नाही, तर भूल देताना जिवाला धोका होतो. शस्त्रक्रियेपूर्वी तिची तपासणी झाली का, हे सोबत्याने अवश्य विचारावे.

प्रवासाचेही थोडे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यात एस.टी. विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटास निम्मे भाडे. उपचारासाठी निघालेल्या कर्करोगाच्या रुग्णास व सोबत्यास रेल्वेही सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. विदर्भाच्याच या संताने रुग्णांच्या निवाऱ्याची चिंता वाहिली.

पिशवीत जुने सर्व अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक कागद ठेवा. त्या कागदावर घराण्यात कोणाला गळ्याची गाठ, थायरॉइडचा आजार, तरुणपणी रक्तदाब किंवा अकाली मृत्यू झाला, ते नात्यासह लिहा. तो मजकूर आजी-आजोबांनाच ठाऊक असतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला असेल किंवा गिळताना अडखळत असेल, तर पेरणी-काढणीची वाट पाहू नका. आणि श्वास लागत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.